भाजीला चाकं दिसत नाहीत

आमची पिकअप बेळगावहून गोव्याला भाजी नेते. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी, म्हापसा. कोबी, टोमॅटो, ढबू मिरची यांपैकी कुणीही आजवर चाकांबद्दल तक्रार केलेली नाही. तक्रार आहे ती आमच्या ड्रायव्हरची, बाळूची.

"मालक, अलॉय घालूया की ओ. म्हापशात समदे आपली चाकं बघून हसूलेत."

अलॉय म्हणजे लोखंडाऐवजी अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची, दिसायला रुबाबदार चाकं. मी नुसतं "बघूया" म्हणालो. त्याच दुपारी बाळूनं गाडी चाकांच्या दुकानासमोर नेऊन उभी केली.

दुकानदार तीन भाषांत माल विकत होता. "तगोळ्री सर, भाळ छलो!" म्हणजे घ्या सर, लई चांगलं! भिंतभर काळी कुळकुळीत चाकं, काहींना लाल कड. मग त्यानं पीसीडी काढला. नट ज्या गोलावर बसतात, त्याचा व्यास. एका चाकावर थाप मारत म्हणाला, याचा 139.7 मिलिमीटर. म्हणजे सरळ साडेपाच इंच, जुन्या जीपपासून चालत आलेलं माप. पण साडेपाच इंच म्हटलं तर गिऱ्हाईक दबणार कसं? त्यानंतर ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते. चाक जरा बाहेर आलं की गाडी रुबाबदार दिसते, हे दुकानदारानं सांगितलं. बेअरिंगवर ताण येतो, हे शेजारच्या गॅरेजवाल्यानं, तेही दुकानदार चहा सांगायला गेल्यावर.

मी गुडघ्यावर बसून चाकाच्या मागच्या बाजूला कोरलेला आकडा वाचला. एक चाक किती किलो पेलतं, ते तिथं लिहिलेलं असतं. मागच्या अ‍ॅक्सलवर येणारं वजन भागिले दोन, एवढा हिशोब मला येतो.

"अहो, हे तर कारचं चाक दिसतंय."

"मग माल जरा कमी भरा की सर."

लोखंडी रिमचं एक बरं असतं. खड्ड्यात आपटली की वाकते आणि घण घातला की वळणावर येते. आमच्या डाव्या मागच्या रिमच्या कडेला जांबोटीच्या पंक्चरवाल्याच्या हातोड्याचे चट्टे अजून मोजता येतात. अलॉय वाकायच्या भानगडीत फारसं पडत नाही, जोराचा दणका बसला की तडकतं. आणि पावसाळ्यात चोर्ल्याच्या रस्त्यावर दणक्यांना तोटा नाही.

खरा घोळ स्टेपनीचा. चार चाकं अलॉय, पाचवं लोखंडी, आणि दोन्हींचे नट वेगळे. म्हणजे जादा नटांची पिशवी गाडीत हवी. रात्रीची वेळ, धो धो पाऊस, बाळू तोंडात बॅटरी धरून कुठला नट कुठल्या चाकाचा ते निवडतोय, आणि मागं टोमॅटोचा बसल्या जागी रस्सा होतोय! पाचही अलॉय घ्यावीत तर पाचवं गाडीखाली लटकणार. ते हसणाऱ्यांना दिसणार कसं?

विमा एजंट म्हणाला, बदल कंपनीला कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी वांधे होतील. बायकोनं टायरांसकट आकडा ऐकला आणि विचारलं, "एवढ्यात दुभती म्हैस येते. ही चाकं किती लिटर देतात?"

शेवटी पुढचे गुळगुळीत झालेले दोन टायर तेवढे बदलले. बाळू दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मग स्वतःच्या पैशानं चंदेरी रंगाचा डबा आणून त्यानं चारही रिमा रंगवल्या, चट्ट्यांसकट.

म्हापशातल्या आमच्या व्यापाऱ्यानं विचारलं, कितीला पडली? बाळूनं छाती फुगवून अलॉयचा भाव सांगितला. आता तो व्यापारी म्हणतो, चाकांवर एवढे उधळता, म्हणजे भाडं तुम्हाला जास्तच सुटतंय, पुढच्या खेपेपासून कमी करा.