सक्ती कोणावर करायची, भाऊ?

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही धुळ्याहून लिहिलंय की गरोदर बाईची एचआयव्ही चाचणी तिच्या संमतीवर सोडणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ आहे, अमेरिकेत कायदाच आहे मग आपल्याकडे का नाही, आणि खेड्यातल्या बाईला संमती म्हणजे काय ते कळतं तरी का? हा राग बाळाच्या काळजीतून आलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण तिथं तुमचं बरंचसं खरं आहे. मी सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल पट्ट्यात, अकरा वर्षं समुपदेशक होते. गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी चाळीस जणी ओसरीत बसलेल्या, आणि पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोरीला घाईघाईत मराठीत दोन वाक्यं सांगून ‘इथं अंगठा दे’ म्हटलेलं मी पाहिलंय. याला संमती म्हणता येणार नाही. आपल्याकडचा एचआयव्ही-एड्सचा २०१७चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला, त्यालाही असला अंगठा चालत नाही. चाचणीआधी समजावणं आणि निकालानंतर पुन्हा बोलणं त्यात बंधनकारक आहे. पण नीट समजावलं जात नाही म्हणून विचारणंच बंद करायचं, हे मला पटत नाही. तिची बोली येणारं माणूस तिथं बसवा, हे मात्र शंभरदा म्हणेन.

आता अमेरिका. न्यूयॉर्क राज्यानं १९३८ सालीच गरोदरपणात सिफिलिसची, म्हणजे गरमीची, रक्ततपासणी कायद्यात आणली. पण त्या कायद्यानं कामाला लावलं ते डॉक्टरला. एचआयव्हीचं म्हणाल तर १९९४ साली औषधाच्या एका अभ्यासात दिसलं की झिडोव्ह्यूडिन हे औषध दिल्यावर बाळांना होणारी लागण शंभरात पंचवीसवरून आठावर येते. त्यानंतर न्यूयॉर्कनं १९९७पासून नवजात बाळांची चाचणी सक्तीची केली. तरी तिथल्या केंद्रीय आरोग्य यंत्रणेनं २००६ साली गरोदर बाईबद्दल सुचवलं ते असं: इतर तपासण्यांबरोबर हीही होणार हे तिला सांगा, वेगळी सही नको, पण ती नको म्हणाली तर करू नका. म्हणजे तुम्ही ज्या देशाचा दाखला देता तिथंही बाईला ‘नाही’ म्हणायची जागा ठेवलेली आहे.

ती जागा का लागते? औषध मिळालं नाही तर बाधित आईपासून शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते. औषध वेळेवर आणि नियमित असेल तर हा आकडा पाचाच्या खाली येतो. पण नियमित म्हणजे रोज गोळी, तीही जन्मभर. बाळंतपण दवाखान्यात. बाळाला निदान सहा आठवडे औषध, सहाव्या आठवड्यापासून त्याच्या तपासण्या, आणि शेवटची तपासणी अठराव्या महिन्यात. सक्तीनं तुम्हाला एक नळीभर रक्त मिळेल. पुढची दोन वर्षं ती बाई आपल्या पायानं परत आली, तरच बाळ वाचतं.

एक प्रसंग सांगते. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात पहिलटकरणीचं रक्त न सांगता तपासलं आणि निकाल तिच्याआधी सासूला सांगितला. त्याच संध्याकाळी तिला माहेरी आणून सोडलं. नवऱ्याचं रक्त कुणी तपासलंच नाही. ती आमच्यापर्यंत पोचली तेव्हा अडीच महिने औषधाविना गेले होते, आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य बोलली, “ताई, मना घरमा सांगू नका.” आजचा कायदा तिच्यासारखीसाठीच आहे. तिच्या परवानगीशिवाय निकाल बाहेर सांगता येत नाही. जोडीदाराला धोका असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशक ठरलेल्या पायऱ्या पाळून सांगू शकतात, मात्र बाईला मारहाण होईल किंवा टाकून देतील अशी भीती असेल तर तेही नाही. बाधित आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. गर्भपात किंवा नसबंदी तिच्या संमतीशिवाय करता येत नाही.

तरीही सक्ती हवी, ती दवाखान्यावर. प्रत्येक गरोदर बाईला चाचणी देऊ केलीच पाहिजे, किट संपलं ही सबब चालता कामा नये. माझा खरा राग तिथं आहे, आणि तो एचआयव्हीपेक्षा गरमीवर आणि हिपॅटायटिस बीवर, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीवर, जास्त आहे. हा कायदा एचआयव्हीपुरता, बाकीच्या दोघांचं नाव त्यात नाही. गरमीमुळं पोटात मूल दगावतं, आणि ते टाळायला बेंझाथिन पेनिसिलिनची सुई वेळेत मिळाली तरी पुरतं. हिपॅटायटिस बीची लस बाळाला जन्मल्यापासून चोवीस तासांत द्यायची असते. धडगाव-अक्कलकुव्याकडून दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी बाई गरोदरपणाचा अर्धा काळ गुजरातच्या फडावर काढते, तिच्या तपासण्यांचं माता-बाल कार्ड इकडं घरी पत्र्याच्या पेटीत. तिला रक्त द्यायची सक्ती करून काय होणार? तिथं तिच्यापर्यंत कुणी पोचायला हवं.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की भावजयीला पाचवा लागलाय आणि बाळंतपणाला ती माहेरी पारोळ्याला जाणार. निघताना तिचं माता-बाल कार्ड बरोबर द्या. एचआयव्ही, गरमी आणि हिपॅटायटिस बी, तिन्हींचे निकाल त्यावर लिहिलेत का ते तिला स्वतःला पाहू द्या, राहिलेलं असेल तर पुढच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची तपासणी असते, तिथं जा. आणि त्याच दिवशी तुमच्या भावाचंही रक्त तपासून घ्या.