७५च्या खालचा गेम खेळूच नये?

"मेटाक्रिटिकवर ७५च्या खाली स्कोअर असेल तर तो गेम घेऊ नका, वेळ वाया जाईल." गेम खेळणारे एकमेकांना हा सल्ला सतत देतात, आणि त्यामागची कारणंही ठरलेली असतात. ७५ ही चांगल्या आणि टाकाऊ गेममधली रेषा आहे. मेटाक्रिटिक ही समीक्षकांचे गुण एकत्र करणारी साइट, आणि तिचा शंभरपैकी स्कोअर म्हणजे डझनावारी समीक्षकांची सरासरी, त्यामुळे एकट्यादुकट्याची आवडनिवड त्यात गळून पडते. चांगला गेम पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो. समीक्षक विकले गेलेत असं वाटत असेल तर खेळाडूंचा स्कोअर पाहा, तो खरा. आणि कमी स्कोअर पडला म्हणजे स्टुडिओनं कामचुकारपणा केला.

यातला एकही मुद्दा धड उभा राहत नाही. या सल्ल्यामुळे मधल्या पट्ट्यातल्या गेम्सवर अन्याय होतोच, पण खेळणाऱ्याचं नुकसान त्याहून मोठं होतं. ९५ मिळालेल्या गेमच्या दहा समीक्षा वाचल्या तर कौतुकाचे शब्द बदलतात, मुद्दे तेच राहतात. ६८ मिळालेल्या गेमवर मात्र समीक्षकांचं खरंखुरं भांडण असतं, आणि हा गेम आपल्यासाठी आहे की नाही हे त्या भांडणातूनच कळतं. आकडा बघून पान बंद करणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

"७५ ही रेषा आहे"

ही रेषा एका साइटनं आखली आहे. मेटाक्रिटिक २००१ मध्ये सुरू झाली. तिथे गेमला ७५ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर हिरवा रंग मिळतो, ५० ते ७४ असतील तर पिवळा आणि त्याखाली लाल. याच साइटवर चित्रपटांसाठी हिरवा रंग ६१ पासूनच सुरू होतो. म्हणजे ६५ गुणांच्या चित्रपटाबद्दल साइट म्हणते की मत एकंदरीत अनुकूल आहे, आणि ६५ गुणांच्या गेमबद्दल म्हणते की मत मिश्र आहे. आकडा एकच, साइट एकच, निकाल वेगळा. गेम्सच्या समीक्षेत गुण वर सरकलेले असतात, दहापैकी सात म्हणजे 'ठीकठाक' असं कित्येक ठिकाणी धरलं जातं, हे लक्षात घेऊन ही सोय केलेली आहे. सोय म्हणून माझी तिला हरकत नाही. पण ती दर्जाची सीमारेषा नव्हे.

शिवाय सगळे समीक्षक एका पट्टीनं मोजत नाहीत. 'एज' या ब्रिटिश मासिकानं पाच हा आकडा खरोखर मध्यावर ठेवला, त्यामुळे त्यांचे सहा आणि दुसऱ्या कुणाचे सहा यांत बरंच अंतर पडतं. पाच ताऱ्यांच्या पद्धतीत 'चांगला आहे, काही उणिवा आहेत' असं म्हणणारा समीक्षक तीन तारे देतो आणि बेरजेत त्याचे ६० होतात. युरोगेमर या साइटनं तर २०१५ मध्ये गुण देणंच थांबवलं होतं. २०२३ मध्ये ते तारे घेऊन परतले. मधल्या आठ वर्षांत त्यांच्या समीक्षकांनी जे लिहिलं, त्याची सरासरीत नोंदच होऊ शकत नव्हती. कोणत्या प्रकाशनाला किती वजन द्यायचं हे मेटाक्रिटिक स्वतः ठरवतं आणि ते जाहीर करत नाही. इतक्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरून काढलेल्या आकड्यात ७४ आणि ७६ मधला फरक दर्जाचा आहे असं छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही.

"सरासरीत आवडनिवड गळून पडते"

माझा सगळ्यात मोठा आक्षेप या मुद्द्याला आहे. २०१० मध्ये 'डेडली प्रीमोनिशन' आला. एक विक्षिप्त एफबीआय एजंट एका छोट्या गावात खुनाचा तपास करायला येतो आणि स्वतःच्या मनातल्या 'झॅक'शी बोलत राहतो. गाडी चालवणं त्रासदायक, मारामारी ओबडधोबड, ग्राफिक्स तेव्हाही जुनाट वाटणारी. पण गावातल्या माणसांचा आपापला दिनक्रम आहे आणि त्यांच्यामागे फिरत राहावंसं वाटतं. आयजीएन या साइटनं या गेमला दहापैकी दोन गुण दिले आणि डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटनं दहापैकी दहा. समीक्षकांचं सर्वाधिक दुभंगलेलं मत मिळवणारा सर्व्हायव्हल हॉरर (भयाण परिस्थितीत जीव वाचवत खेळायचा) गेम म्हणून गिनेसनं त्याची नोंद केली. मेटाक्रिटिकवर त्याची सरासरी ६८च्या आसपास बसते. आता हे ६८ कुणाचं मत आहे? दोन देणाऱ्याचं नाही, दहा देणाऱ्याचं तर नाहीच. 'बरा आहे, चालेल' असं तो आकडा सांगतो, आणि या गेमबद्दल सांगता येण्यासारखी ही सर्वात चुकीची गोष्ट आहे. तो तुम्हाला एक तर असह्य होईल, नाही तर वर्षानुवर्षं डोक्यात राहील.

सरासरीत आवडनिवड गळत नाही, ती झाकली जाते. नदीची सरासरी खोली कमरेइतकी आहे एवढ्या माहितीवर कुणी पाण्यात उतरत नाही.

गेमच्या एकाच वैशिष्ट्याचं दोन समीक्षक दोन टोकांचं मोल करतात, तेव्हा तर समीक्षा वाचण्याला पर्यायच नसतो. २०१४ च्या 'एलियन: आयसोलेशन'मध्ये तुमच्या मागावर एक प्राणी असतो. त्याला मारता येत नाही आणि त्याची चाल पाठही करता येत नाही. आयजीएननं दहापैकी ५.९ दिले. त्यांचा आक्षेप असा की गेम फार लांबतो आणि तेच तेच मरणं कंटाळवाणं होतं. 'पीसी गेमर' या मासिकानं १०० पैकी ९३ दिले, कारण त्यांना त्याच अनिश्चिततेतून खरी भीती मिळाली. दोघांनी एकच गेम प्रामाणिकपणे पाहिला. पकडलं गेल्यावर मागचा सगळा भाग पुन्हा खेळायची तुमची तयारी आहे का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारलात की दोघांपैकी तुमचा समीक्षक कोण ते ठरतं. तो प्रश्न आकड्यात कुठेच दिसत नाही.

'गॉड हँड'चंही (२००६) तेच. शिंजी मिकामींनी दिग्दर्शित केलेला हा मारामारीचा गेम. कॅमेरा पाठीला चिकटलेला, हालचाल ताठर, आणि तुम्ही जितकं चांगलं खेळाल तितका तो आपोआप अवघड होत जातो. आयजीएननं दहापैकी तीन दिले. आपल्या फटक्यांची मालिका स्वतः रचू देणारे आणि खेळाडूकडून इतकी शिस्त मागणारे गेम्स फार थोडे आहेत, म्हणून त्याचे चाहते आजही त्याचं नाव काढतात. तिथेही सरासरी पिवळ्या पट्ट्यातच अडकली.

"चांगला गेम पहिल्या आठवड्यातच ओळखू येतो"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. कधी गेम बदलतो, कधी आपली नजर बदलते.

गेम बदलण्याची उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. 'फायनल फँटसी १४' २०१० मध्ये आला तेव्हा मेटाक्रिटिकवर तो ४९ला होता, म्हणजे सरळ लाल. स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीनं काम निर्माता-दिग्दर्शक नाओकी योशिदांकडे सोपवलं, २०१२ मध्ये जुना गेम बंद केला (कथेतलं ते जगच उद्ध्वस्त करून) आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तो जवळजवळ नव्यानं बांधून परत आणला. तेव्हा पीसीवर तो ८०च्या वर गेला. 'नो मॅन्स स्काय'ला २०१६ मध्ये प्लेस्टेशन ४वर ७१ आणि पीसीवर ६१ मिळाले. पुढच्या वर्षांतल्या मोफत अपडेट्सनी त्यात घरं बांधणं, एकत्र खेळणं आणि आणखी कितीतरी गोष्टी आणल्या. म्हणून २०१६ चे समीक्षक चुकले होते का? अजिबात नाही. त्यांच्या हातात जो गेम होता तो खरंच पोकळ होता, आणि त्यांनी ते लिहिलं हे बरंच झालं. मात्र आज तो गेम घ्यायचा की नाही याचं उत्तर त्या आकड्यात शोधण्यात अर्थ नाही. आकड्याला तारीख असते.

उलट बाजूही पाहा. 'सायबरपंक २०७७'च्या लाँचआधी समीक्षकांना पीसीची प्रत मिळाली होती, आणि पीसीवर त्याचा स्कोअर ८६ आहे. डिसेंबर २०२० मध्ये तोच गेम प्लेस्टेशन ४वर घेणाऱ्यांच्या पदरात बग्जनी (प्रोग्राममधल्या चुकांनी) भरलेली, अडखळणारी आवृत्ती पडली. त्या आवृत्तीची सरासरी पुढे ५७ झाली आणि सोनीनं आठवडाभरात गेम आपल्या स्टोअरवरून काढला. हिरवा रंग पाहून आगाऊ पैसे भरलेल्यांना त्या रंगाचा काय उपयोग झाला?

नजर बदलण्याचं उदाहरण म्हणजे २०१० चा 'नीअर'. दिग्दर्शक योको तारो, स्टुडिओ काविया. स्कोअर ६८च्या आसपास. दृश्यं फिकी आहेत, 'अमुक इतक्या वस्तू आणून दे' छापाची उपकामं संपता संपत नाहीत, ही तक्रार तेव्हा झाली आणि ती आजही खरी आहे. पण हा गेम एकदा संपवून दुसऱ्या फेरीला बसलं की पहिल्या फेरीत नुसती गुरगुर वाटणाऱ्या शत्रूंचं बोलणं कळायला लागतं, आणि आधी केलेल्या प्रत्येक लढाईचा अर्थ पालटतो. मुदतीत लिहायच्या समीक्षेत हे मावणं कठीण असतं. मूळ गेम होता तसाच राहिला, त्याच्याबद्दल बोलणारी माणसं वाढत गेली.

"मग खेळाडूंचा स्कोअर पाहा"

खेळाडूंच्या मतांना किंमत आहे. तांत्रिक अडचणींबद्दल तर त्यांच्याकडून समीक्षकांहून लवकर आणि नेमकं कळतं. पण तोही आकडाच. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात ७० टक्के याचा अर्थ गेमला शंभरपैकी ७० असा होत नाही. त्याचा अर्थ दहापैकी सात जणांनी 'घ्या' म्हटलं, इतकाच. सगळ्यांना किंचित आवडलेला गेम तिथे ९० टक्क्यांवर जातो, आणि काहींना जीव की प्राण वाटणारा पण उरलेल्यांना न झेपणारा गेम 'मिश्र' ठरतो. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला तेव्हा वीस तासांहून मोठ्या गेमला पहिल्याच दिवशी शून्य देणाऱ्यांची रांग लागली. त्यानंतर मेटाक्रिटिकला खेळाडूंच्या गुणांसाठी लाँचनंतर ३६ तास थांबण्याचा नियम करावा लागला.

राहिला समीक्षक विकले गेल्याचा आरोप. या क्षेत्रातलं सर्वात गाजलेलं प्रकरण नेमकं उलट दिशेचं आहे. २००७ मध्ये गेमस्पॉट या समीक्षा साइटवर जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच'ला दहापैकी ६ गुण दिले. त्याच गेमच्या जाहिरातींनी तेव्हा ती साइट भरलेली होती. त्यांची नोकरी गेली, आणि त्यामागे जाहिरातदारांचा दबाव होता हे त्यांनी २०१२ मध्ये उघडपणे सांगितलं. दबाव असतो हे यातून दिसतंच. पण 'मध्यम' असा प्रामाणिक निकाल देण्यासाठी एका समीक्षकानं काय मोजलं, हेही दिसतं. ज्या सहा गुणांवर माणसाची नोकरी गेली, तशा सहा गुणांखालचा मजकूर वाचायला दहा मिनिटं द्यायला हरकत नसावी.

"कमी स्कोअर म्हणजे कामचुकारपणा"

हा मुद्दा मला सर्वात जास्त टोचतो, कारण तो पडद्यामागच्या माणसांवर घसरतो. 'फॉलआउट: न्यू वेगस' ऑब्सिडियन या स्टुडिओनं सुमारे दीड वर्षात बनवला. २०१० मध्ये तो बग्जसकट बाजारात आला आणि ८४वर थांबला. ऑब्सिडियनचे सहसंस्थापक क्रिस अॅव्हलोन यांनी २०१२ मध्ये सांगितलं की करारात रॉयल्टी नव्हती, मेटाक्रिटिकवर ८५ गाठले तरच बोनस होता. एका गुणानं तो हुकला. निवडींचे परिणाम दाखवण्याच्या बाबतीत आज याच गेमचं उदाहरण दिलं जातं.

खरोखर फसलेले गेम्स असतात, हे मला मान्य आहे. २०२३ च्या 'रेडफॉल'ला पीसीवर ५६ मिळाले आणि ते अन्यायाचे होते असं मी म्हणणार नाही. 'अँथम'मध्ये उडण्याची मजा बहुतेक समीक्षकांनी वाखाणली, आणि तरी मोहिमा पोकळ आहेत हे त्यांचं म्हणणं योग्यच होतं. पण पोकळ गेममागेही वर्षानुवर्षांचं काम असू शकतं. दिशा वरून बदलत राहिली, मुदत आवळली, नको त्या साच्यात गेम बसवला, तर हाताखालचे लोक कितीही राबले तरी तो वाचत नाही.

आणि आकड्याचा हट्ट खेळणाऱ्यांपुरता थांबत नाही. बेंड स्टुडिओच्या 'डेज गॉन'ला २०१९ मध्ये ७१ मिळाले. सुरुवात संथ, मोहिमा एकसुरी, लांबी जास्त, असे आक्षेप होते. शेकडो झोंबींच्या झुंडीशी होणारी पळापळ मात्र टीका करणाऱ्यांनाही लक्षात राहिली. ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं २०२१ मध्ये बातमी दिली की पहिला भाग फायद्यात असूनही दुसऱ्या भागाचा प्रस्ताव नाकारला गेला, आणि लांबलेल्या निर्मितीबरोबरच समीक्षकांचा मिश्र कौल हेही त्याचं एक कारण होतं. म्हणजे समीक्षकांनी दाखवलेल्या चुका ज्या भागात दुरुस्त झाल्या असत्या, तोच बनला नाही. 'नीअर'च्या वाट्याला हे आलं नाही. काविया बंद पडला तरी स्क्वेअर एनिक्सनं योको तारोंना पुन्हा संधी दिली, मारामारीची बाजू प्लॅटिनमगेम्स या स्टुडिओकडे सोपवली, आणि २०१७ मध्ये 'नीअर: ऑटोमाटा' ८८ गुणांवर पोहोचला. २०१० च्या ६८वरच निर्णय झाला असता तर तो बनलाच नसता.