'चीनशी बोलणं म्हणजे शरणागती' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चार ग्रुपवर तोच मेसेज येऊन पडलाय. थोडक्यात असा: २०२० मध्ये लडाखच्या गलवानमध्ये चिनी सैन्याशी झटापटीत आपले २० जवान गेले, तरी आपण रशियातल्या कझानला आणि चीनमधल्या तिआंजिनला जाऊन शी जिनपिंगशी हात मिळवले, चीनची थेट विमानं सुरू केली, म्हणजे शरणागतीच, करारांनी जवानांचे हात बांधलेत, दुसरा कुठला देश असलं करत नाही, तेव्हा चर्चा बंद, व्यापार बंद, मग बघा चीन कसा वठणीवर येतो. राग खरा आहे, मलाही येतो. पण हिशोब चुकलाय.

पहिलं, 'चर्चेने काय मिळालं?' २०२० च्या ऑगस्टअखेर एका रात्रीत आपले जवान लडाखमधल्या पँगाँग तलावाच्या दक्षिणेकडच्या कैलास रांगेवर चढून बसले, रेझांग ला, रेचिन ला ही नावं तेव्हा घरोघरी पोचली. तिथून खाली चीनचा मोल्डोचा तळ सरळ नजरेत येतो, म्हणून तर त्यांची एवढी चिडचिड झाली. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये चिनी सैन्य पँगाँगच्या उत्तर काठावरच्या फिंगर ८ या डोंगरसोंडेच्या मागे गेलं आणि आपण ती शिखरं सोडली. आता सांगा, ती शिखरं ताब्यात नसती तर दोन्ही सैन्यांच्या कोअर कमांडरच्या, म्हणजे वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बैठकीत आपल्याकडे द्यायला होतं काय, नुसता निषेध? आणि बैठकच नसती तर त्या थंडीत अजून किती हिवाळे काढायचे होते? काही जण म्हणतात की ही शिखरं स्वस्तात सोडली, त्याच वेळी लडाखच्या उत्तरेचं देप्सांग पठारही, जिथे चीनने आपली गस्त अडवली होती, वसूल करायला हवं होतं. मला हे पटतं, कारण देप्सांगला ऑक्टोबर २०२४ उजाडला. पण हा आक्षेप सौदा कसा केला यावर आहे, सौदा का केला यावर नाही, आणि मेसेजवाल्याने दोन्हीची खिचडी केलीय.

दुसरं, हात बांधल्याचं. १९९६ च्या भारत-चीन करारात एलएसीपासून, म्हणजे प्रत्यक्ष ताबारेषेपासून, २ किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही असं ठरलंय. गलवानमध्ये आपल्या जवानांकडे बंदुका होत्या, पण झटापटीत त्या वापरायच्या नाहीत ही जुनी पद्धत पाळली गेली, असं परराष्ट्रमंत्र्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. हेच कलम आणि हीच पद्धत, म्हणून १९७५ ला अरुणाचलातल्या तुलुंग ला खिंडीत आपले जवान मारले गेले त्यानंतर ४५ वर्षं तिथे गोळीने कुणी मेलं नाही, हे मेसेजमध्ये कुठेच नाही. २०२० ला करार मोडून सैन्य जमवलं ते चीनने. घर फोडलं चोराने आणि शिव्या कुलपाला!

अर्थात कागदावर विसंबून राहायचं नाही हे शंभर टक्के मान्य. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये साबरमतीच्या काठावर मोदी आणि शी जिनपिंग झोपाळ्यावर बसले होते, अगदी त्याच दिवसांत लडाखमधल्या चुमारला त्यांचं सैन्य आत घुसून बसलेलं. त्यामुळे कझानच्या हस्तांदोलनाचा फोटो बघून हुरळून जाणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे, झोपाळा आठवा.

तिसरं, व्यापार बंद. २०२४-२५ मध्ये आपण चीनकडून साधारण ११३ अब्ज डॉलरचा माल घेतला आणि विकला फक्त १४ अब्जांचा, आणि हे टिकटॉकसकट ५९ ॲप बंद करून पाच वर्षं होत आल्यावर. एप्रिल २०२५ मध्ये चीनने रेअर अर्थ मॅग्नेटच्या (दुर्मिळ धातूंपासून बनणाऱ्या, गाड्यांच्या मोटरीत लागणाऱ्या चुंबकांच्या) निर्यातीवर परवान्याची अट घातली तर आपल्या गाड्यांच्या कंपन्या धावाधाव करायला लागल्या. औषधांच्या कच्च्या मालाचंही तेच. नळ त्यांच्याकडे आहे, बंद केला तर आधी तहान आपल्याला लागणार, त्यामुळे आधी इथे मॅग्नेटचे कारखाने मागा ना, बहिष्काराच्या आरोळ्या नंतर.

चौथं, 'दुसरा कुठला देश असलं करत नाही'. व्हिएतनाम बघा. १९७९ ला चीनशी युद्ध, १९८८ ला जॉन्सन साउथ रीफ या प्रवाळखडकाजवळ ६४ व्हिएतनामी सैनिक मेले, २०१४ ला चीनने त्यांच्या समुद्रात तेलाचा प्लॅटफॉर्मच आणून उभा केला. तरी चीन त्यांचा सर्वात मोठा व्यापारी भागीदार. सप्टेंबर २०२३ मध्ये बायडन हनोईला आले, डिसेंबरमध्ये शी आले, दोघांचंही जोरदार स्वागत, आणि तिकडे दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांत व्हिएतनामचं भराव टाकून बेटं वाढवणं चालूच. याला कोणी शरणागती म्हणतं का?

बाकी अरुणाचलातल्या गावांची नावं चीन बदलतो, त्यावर निषेधाचं पत्रक जातं, जाऊ दे. खरं उत्तर मार्च २०२४ मध्ये सुरू झालेला सेला बोगदा आहे, त्यातून सीमेजवळच्या तवांगला बारा महिने सैन्य नेता येतं.

विचारायचंच असेल तर हे विचारा: २०२४ च्या समझोत्यानंतर देप्सांग आणि डेमचोकला गस्त सुरू झाली, पण गलवान, पँगाँग, गोगरा इथे जे बफर झोन (दोन्हीकडच्या सैन्याने न जाण्याचे पट्टे) केले तिथे आपली जुनी गस्त परत कधी सुरू होणार? हा प्रश्न त्या मेसेजमध्ये नाहीये.