बिनगाडीची माणसं

नसलेल्या गाडीच्या दुरुस्तीचे दोनशे रुपये मी परवा दिले. यूपीआयनं दिले, म्हणजे पुरावा आहे.

झालं असं की मेव्हण्याच्या डोक्यात आलं, हरिहरेश्वरपासून दापोलीकडे समुद्राच्या कडेकडेनं चालत जायचं. बागमांडल्याला फेरीत बसून सावित्रीची खाडी ओलांडायची, वेश्वीला उतरायचं, मग बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै असं मुक्काम करत खाली सरकायचं. सोबत बायको, मुलगी, सासूबाई आणि बायकोची मैत्रीण, नवऱ्यासकट. नाही कोणी म्हणालं नाही, कारण ग्रुपवर सगळ्यांनी आधीच अंगठे दिले होते, आणि अंगठा दिला की माणूस अडकतो हे आमच्या पणजोबांना सावकाराकडेच कळलं होतं.

दक्षिणेकडे चालताना समुद्र कायम उजवीकडे, आणि वाळू समुद्राच्या बाजूला उतरती, त्यामुळे उजवा पाय सतत खाली आणि डावा वर. दुसऱ्या दिवसापासून मी सपाट जमिनीवरही तिरका उभा राहायला लागलो. मेव्हण्याकडे भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं. ज्या घरी उतरलो होतो तिथल्या आजींनी ते न बघताच सांगितलं, तिथीची पाऊणपट करा की भरतीची वेळ येते, आज चतुर्थी, म्हणजे तीनला पूर्ण भरती, नवाला ओहोटी, तेव्हा सातलाच निघा. आम्ही घावनं खाऊन साडेनऊला निघालो, कारण मैत्रिणीच्या नवऱ्याला सनस्क्रीन लावायला पाऊण तास लागतो. हे मी वाईट बुद्धीनं लिहित नाहीये, घड्याळ लावून बघितलंय.

तर दुपारी एका खाडीच्या तोंडाशी पोचलो. गावाचं नाव सांगत नाही, भाचा परत पैसे मागेल. होडीवाला जेवायला गेला होता. धक्क्यावर एक काका बसलेले, लुंगी, बनियन, मांडीवर रेडिओ, तो बंद. आम्ही सातजण घामाघूम होऊन त्यांच्यासमोर सॅका टाकल्या.

"गाडी कुठं बंद पडली?"

"गाडी नाहीये काका, चालत आलोय."

"ते दिसतंय. गाडी कुठं बंद पडली?"

"गाडी आणलीच नाही."

"मग एसटी बंद पडली."

"नाही हो, मुद्दाम चालतोय."

काकांनी सासूबाईंकडे बघितलं. "यांना पण मुद्दाम?"

आता सासूबाई सकाळपासून आमच्या सगळ्यांच्या पुढे होत्या, रोज दोन तास टेकडी चढणारी बाई ती. पण कोणीतरी विचारपूस केली म्हटल्यावर त्या एकदम दगडावर बसल्या, गुडघा चोळला आणि म्हणाल्या, "बघा ना हो."

झालं. त्यानंतर काकांनी मला माणसात धरलंच नाही.

"नवस हाय?"

"नाही."

"पालखीबिलखी?"

"नाही."

"डॉक्टरनं सांगितलंय?"

इथं मेव्हणा मध्ये पडला. त्याला वाटतं आपण समजावलं की लोकांना समजतं. "काका, आम्हाला निसर्ग बघायचाय."

"तो गाडीतून दिसत नाय?"

यावर मेव्हण्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं, कारण मी ते वेळासपासून स्वतःलाच विचारत होतो. आणि खरं सांगायचं तर काकांचा मुद्दा बरोबर आहे. आळंदीहून पंढरपूरपर्यंत लाखो माणसं चालत जातात, त्यांना कोणी गाडीचं विचारत नाही, उलट पाया पडतात. कारण असलं की चालणं पुण्य, नसलं की काहीतरी भानगड.

काकांनी भानगड ओळखली. आवाज खाली आणून म्हणाले, "हप्त्यावाल्यांनी उचलून नेली काय? लाजायचं नाय त्यात." मग माझं तोंड बघून त्यांनाच ते पटलं नसावं, म्हणाले, "थांबा. भाचा आपला मेकॅनिक हाय." मी नको नको म्हणेपर्यंत फोन स्पीकरवर. "सात माणसं हायत. पुण्याची. गाडी कुठं टाकली सांगत नायत."

"आम्ही ठाण्याचे," मी म्हणालो.

"तेच ते," काका फोनमध्ये म्हणाले.

होडीवाला अजून जेवतच होता. काय जेवत होता देवास ठाऊक. अर्ध्या तासात भाचा बाईकवर हजर, पाठीवर पान्यांची पिशवी, हँडलला कूलंटचा कॅन, गळ्यात बॅटरी जोडायच्या वायरी, डॉक्टर स्टेथोस्कोप घालतात तशा.

"डिझेल का पेट्रोल?"

"गाडी नाहीये."

"हां, पण डिझेल का पेट्रोल?"

शेवटी त्याला पटलं, मामापेक्षा लवकर पटलं. पण तो म्हणाला, "बारा किलोमीटर आलोय. व्हिजिट चार्ज तर लागंल." मी कुटुंबाकडे बघितलं. मेव्हण्याला त्याच क्षणी रेंज आली आणि तो फोन कानाला लावून पाण्यापर्यंत गेला. बायको म्हणाली, दे ना, गरीब बिचारा उन्हात आलाय. मी पण उन्हातच आलो होतो, पण माझी व्हिजिट फुकट. दिले दोनशे. काकांनी पैसे गेल्याचा आवाज ऐकला आणि मगच समाधानानं रेडिओ लावला.

यावर हे लोक अजून हसतात. हसा. पण मला सांगा, अख्ख्या रस्त्यात आम्हाला गाडीशिवाय काय विचारलं कोणी? एका मुक्कामी रजिस्टरमध्ये नावाच्या शेजारीच गाडी नंबरचा रकाना. तो मोकळा सोडला तर त्या माणसानं दोनदा वर बघितलं आणि पूर्ण पैसे आधी मागितले. बाहेर बोर्डावर 'पार्किंग फ्री' हे 'घरगुती जेवण' पेक्षा मोठं. गावाजवळ वाळूवरून जावं तर धूप थांबवायला टाकलेले काळे दगड, भरतीला पाणी थेट त्यांच्यापर्यंत, मग त्या दगडांवरून सासूबाईंना हात देत माकडासारखं चाला. रस्त्यावर जावं तर कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, मागून हॉर्न. रेवस ते रेडी सागरी महामार्ग व्हायचाय म्हणे, खाड्यांवर पूल येतील, चांगलंच आहे, तो होडीवाला निवांत जेवेल. त्या पुलांवर चालायला कडेला चार फूट ठेवणार का, एवढंच कोणीतरी बघा.

आणि जिथं चालायला मऊ, सपाट, ओली वाळू मिळते तिथं काय असतं? गाड्या. हर्णैच्या पुढे संध्याकाळी एक पांढरी धिप्पाड एसयूव्ही गोल गोल फिरत होती, आत मोठमोठ्यानं गाणी, खिडकीतून अर्धा बाहेर आलेला पोरगा शूटिंग करतोय. मुलगी किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करत होती, तिला हात धरून बाजूला ओढलं. खाली फुटक्या बाटलीची काच, ती वेगळीच. पुढच्याच फेरीत गाडीचं मागचं चाक रुतलं. मालकानं ॲक्सिलरेटर दिला, आणखी रुतलं. पाणी चढत होतं. आम्हाला बघून तो हात करायला लागला, काका, जरा धक्का मारता का.

काका मी. मेव्हणा सॅक टाकून धावलासुद्धा. मग सगळेच लावले कामाला, मैत्रिणीचा नवरा सनस्क्रीनसकट, सासूबाई लांबून सूचना देतायत, चाकाखाली सुरूच्या फांद्या घाल, टायरमधली हवा कमी कर. मी मागून खांदा लावलेला, तोंडावर वाळूचा फवारा, गुडघ्यापर्यंत पाणी. गाडी जरा हलली तसं मालकानं काचेतून डोकं बाहेर काढलं आणि फार आपुलकीनं विचारलं,

"तुमची कुठं अडकलीय?"

मी खांदा काढून घेतला.