मागचा टायर आणि पुढचे सल्ले

इंदूरच्या मराठी घरात मोटरसायकलचा टायर बदलायचा म्हणजे आधी सल्ल्यांचा घाट चढायचा. आणि प्रत्येक सल्ला 'स्वतःच्या अनुभवावरून', हे विशेष!

मागच्या टायरच्या खाचेतली झीज दाखवणारी रबरी खूण रस्त्याला टेकायला आली, तेव्हा लोकमान्यनगरातल्या काकांनी आधी निकाल दिला. "एमआरएफच घे. १९४६ साली मद्रासला फुगे बनवण्यापासून सुरुवात केली त्यांनी. हवा कशी धरायची ते त्यांनाच ठाऊक!" काकांची गाडी घरून बडा गणपतीला जाते आणि परत येते. एवढ्या प्रवासाला फुगा लावला असता तरी चाललं असतं.

मावसभावाला प्रत्येक रविवारी घाटमाथ्यावरचं जाम गेट गाठायचं असतं. त्याच्या मते सॉफ्ट कंपाउंडशिवाय घाटात उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. बरोबरच आहे, मऊ रबर रस्ता घट्ट धरतं. मात्र झिजतंही भराभर. "मग दरवेळी पैसे?" विचारलं, तर म्हणाला, "बाबा देतात ना!"

ऑफिसातले एक जण मोठ्या बटणांच्या टायरवर अडून बसले. त्यांचं शेत सांवेरकडे. पावसाळ्यात तिथली काळी माती मडगार्डमध्ये अशी बसते की चाक फिरेना. पण माझ्या वाट्याला शेत नाही, राजवाडा ते पलासिया आहे. त्या वाटेवर बटणं नुसती घुंऽऽ करत गुणगुणणार आणि ओल्या डांबरावर पकड कमी ती कमीच. माझा खरा शत्रू म्हणजे पहिल्या पावसात भिजलेला झेब्रा क्रॉसिंगचा पांढरा पट्टा. त्यावर ब्रेक दाबला की कुलदैवत आठवतं. म्हणून पाणी बाहेर फेकणाऱ्या खोल खाचा आणि मध्यम रबर, एवढंच माझं मागणं.

दुकानदार म्हणाला, "भिया, आँख बंद करके ले जाओ." मी डोळे उघडे ठेवले. टायरच्या बाजूला छापलेलं वाचलं: १००/९०-१७ हे माप, पुढे ५५पी. ५५ म्हणजे भार २१८ किलो; सराफ्यात गराडू हाणून निघालेलं जोडपं आरामात मावेल. पी म्हणजे वेग ताशी १५० किलोमीटर. राजवाड्यापाशी तेवढा निघाला तर सत्कारच व्हायचा. शेवटी 'DOT' या अक्षरांपुढच्या लंबगोलात टायर कधी बनला ते सांगणारे चार आकडे: २२१९. २०१९चा बाविसावा आठवडा! पडून पडून रबर कडक होतं, म्हटलं.

"भिया, टायर है, पोहा थोड़ी है जो बासी हो जाए!"

मी उठलो. तेव्हा आतून ताजा टायर आला. "ये घर की गाड़ी के लिए रखा था."

मग बसवणाऱ्या पोराने रिमच्या कडेला साबणाचं पाणी फासलं, बाणाची दिशा पाहिली, हवा भरली, आणि टायर फाट्कन जागेवर बसला. अंगावरचे रबरी केस अजून तसेच. "नया है, चिकना है, सौ-डेढ़ सौ किलोमीटर झुकाना मत," पोरगा म्हणाला. "अपना तजुर्बा है." इतक्या वेळात कामाचं बोलणारा हा पहिलाच! मी कौतुकाने विचारलं, तू कोणती चालवतोस?

"साइकिल, भिया."