‘ऑडिटर बदला, घोटाळे थांबतील’ : दावा तपासून पाहू

कंपनी किंवा बँक बुडाली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. ऑडिटर, म्हणजे कंपनीचे हिशेब तपासून सही करणारे, वर्षानुवर्षे चिकटून बसतात, ते सक्तीने बदला. चार बड्या फर्मांची (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी) मक्तेदारी मोडून छोट्यांना काम द्या. स्पर्धेने फी उतरेल आणि ऑडिटही सुधारेल. यातली बरीच विधाने तपासणीत टिकत नाहीत.

‘सक्तीने बदला.’ ही सक्ती आहेच. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९ नुसार सूचिबद्ध (शेअर बाजारात नोंदलेल्या) आणि ठरावीक मोठ्या कंपन्यांत फर्मला सलग पाच-पाच वर्षांच्या दोनच मुदती मिळतात, त्यानंतर पाच वर्षे विश्रांती. २०१७ मध्ये याचा पहिला मोठा फेरा झाला. बदलाची किंमत पहिल्या वर्षी मोजावी लागते. नव्या ऑडिटरला मागच्या वर्षाची अखेरची शिल्लक स्वतः पटवून घ्यावी लागते. ३१ मार्चच्या मालमोजणीला तो हजर नसेल, तर पुढे कधीतरी माल मोजून खरेदी-विक्रीच्या नोंदींवरून मागे जात आकडा जुळवावा लागतो. नवखेपणामुळे चुका निसटण्याचा धोका याच वर्षी जास्त. ताजी नजर मिळते हे खरे, पण ती फुकट मिळत नाही.

‘जुना ऑडिटर म्हणूनच सत्यम घडले.’ सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या जानेवारी २००९ च्या कबुलीपत्रात ५,०४० कोटी रुपयांची रोख आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नसल्याचे लिहिले होते. अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने) २०११ मध्ये ऑडिटर फर्मांवर नेमका ठपका ठेवला तो असा: बँकेच्या शिलकीची पुष्टिपत्रे (खात्यात इतकी रक्कम आहे का, हे बँकेलाच विचारणारी पत्रे) पाठवणे आणि परत घेणे हे काम त्यांनी क्लायंटवरच सोपवले होते. पत्र ऑडिटरने स्वतः पाठवायचे, पत्ता स्वतंत्रपणे ताडायचा, उत्तर थेट ऑडिटरच्या हाती यायला हवे. यातली एक कडी क्लायंटकडे गेली की पुष्टिपत्र म्हणजे क्लायंटचाच कागद. हीच सवय असलेला नवा ऑडिटर आणला असता, तरी कागद तसाच आला असता.

‘फी उतरली म्हणजे स्पर्धा निकोप.’ सर्वात घातक विधान हेच. समजा फी सहा लाख आणि तासाला सरासरी दीड हजार, म्हणजे ४०० तास. स्पर्धेत फी ३ लाख ६० हजारांवर आली तर उरतात २४०. कायद्याने ठरलेला अहवाल तेवढाच लांब राहतो, मग तास कुठून कापायचे? आधी पार्टनरचे, मग दूरच्या गोदामाच्या भेटीचे, मग उत्तर न आलेल्या पुष्टिपत्रांच्या पाठपुराव्याचे. आर्टिकलची मुले, म्हणजे सीएचे प्रशिक्षणार्थी, व्हाउचरला टिक मारत राहतात, फाइल जाडजूड दिसते, आणि सूचिबद्ध कंपनीत दुसऱ्या पार्टनरने करायचा गुणवत्ता-आढावा सहीपुरता उरतो. गिऱ्हाईक इथे दर्जा विकत घेत नाही, सही घेते. म्हणून स्पर्धा भावावर घसरते. शेअर बाजाराचा नियामक असलेल्या सेबीच्या नियमांत ऑडिटर नेमताना प्रस्तावित फी, आणि जुन्या फीपेक्षा मोठा फरक असेल तर त्याचे कारण, भागधारकांच्या सभेच्या सूचनेत द्यावे लागते. भागधारकांनी तो परिच्छेद वाचावा. एकदम खाली आलेल्या फीचे समर्थन तिथे दोन ओळींत गुंडाळलेले असेल तर विचारावे.

‘छोटी फर्म म्हणजे प्रामाणिक फर्म.’ २०१९ मध्ये कोसळलेल्या पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी) बँकेचे ऑडिट बड्या चौघांपैकी कोणाकडेही नव्हते. एचडीआयएल या बांधकाम समूहाची कर्जे झाकायला २१ हजारांहून अधिक बनावट खाती दाखवल्याचा आरोप तिथे झाला. असे पकडायचे तर खात्यांच्या यादीची बेरीज लेजरशी (मुख्य खातेवहीशी) जुळवणे, एकाच मालकाच्या कर्जदारांना एकत्र धरून पाहणे आणि तारणाची मूळ कागदपत्रे हातात घेणे लागते. छोट्या फर्मचा पार्टनर कामावर स्वतः असतो, हा तिचा मोठा गुण. पण निम्मे उत्पन्न एकाच क्लायंटकडून येत असेल तर त्याला ‘नाही’ म्हणणे कठीण.

मक्तेदारीबद्दलची तक्रार मात्र खरी आहे. मोठ्या समूहाला नवा ऑडिटर हवा असेल, तर चार नावांपैकी एक सध्याचा ऑडिटर असतो, दुसऱ्याच्या नेटवर्कमधली फर्म समूहाचे हिशेबाचे सॉफ्टवेअर बसवत असते, आणि कंपनी कायद्याचे कलम १४४ अशा सेवा देणाऱ्याला ऑडिट करू देत नाही. उरतात दोन. यावर संयुक्त ऑडिट, म्हणजे एकाच वेळी एकाहून अधिक फर्मांनी मिळून केलेले ऑडिट, जास्त कामाचे. रिझर्व्ह बँकेने २०२१ पासून १५,००० कोटी आणि त्याहून अधिक मालमत्तेच्या बँकांना किमान दोन फर्म नेमायला लावल्या. फक्त कामाची वाटणी दरवर्षी फिरवावी, नाहीतर कर्जखाते कायम एकाच फर्मकडे राहते आणि दुसरी फर्म ते उघडूनही पाहत नाही.