कारागृह शिपायाची कवायत आणि बंदूक : एका फिरत्या संदेशाला उत्तर

‘कारागृह शिपायाला कवायत आणि शस्त्रप्रशिक्षण देणे हा नुसता देखावा आहे, खरी सुरक्षा हवी असेल तर बराकीतल्या प्रत्येक शिपायाच्या हातात भरलेली रायफल द्या, पण मानवाधिकारवाले ती देऊ देत नाहीत’ असा संदेश गेले काही दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. माझी भाची कारागृह शिपाई भरतीची तयारी करते. हा संदेश वाचून घरच्यांनी तिला ‘तिथे कवायत कशाला हवी’ असे सुनावले, म्हणून हे उत्तर लिहिणे भाग पडले.

बराकीतल्या रायफलीची मागणी सर्वांत घातक आहे. बराकीत एका शिपायाभोवती अनेक बंदी (कैदी) असतात आणि दोघांतले अंतर हातभराचे असते. तिथे रायफल हिसकावली गेली, तर ती शिपायावर, त्याच्या सहकाऱ्यांवर आणि इतर बंद्यांवरच रोखली जाणार. म्हणूनच संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर 2015 मध्ये स्वीकारलेल्या, बंद्यांना कसे वागवावे हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांतील 82 वा नियम सांगतो की, बंद्यांशी थेट संबंध येणारे कर्मचारी, विशेष परिस्थिती वगळता, सशस्त्र नसावेत, आणि शस्त्र वापरण्याचे प्रशिक्षण न घेतलेल्या कर्मचाऱ्याला कोणत्याही परिस्थितीत शस्त्र देऊ नये. प्रशिक्षण नको आणि रायफल मात्र हवी, ही संदेशाची मागणी या एकाच नियमापुढे कोसळते. बंद्यांवरील शस्त्रवापराला नियमांचे बंधन घालणे हे काही आजच्या मानवाधिकारवाल्यांचे खूळही नाही. उठाव किंवा पलायनाच्या प्रयत्नाच्या वेळी शस्त्रे कशी वापरावीत याचे नियम करण्याची तरतूद ब्रिटिशांच्या 1894 च्या कारागृह अधिनियमातील कलम 59 मध्येच होती.

संदेशात नागपूरचे उदाहरण दिले आहे. मार्च 2015 मध्ये नागपूर मध्यवर्ती कारागृहातून पाच बंदी बराकीचे गज कापून आणि भिंत ओलांडून पळाले, हे खरे आहे. मात्र गज कापले जात असताना ते कोणाच्याही लक्षात आले नाही, हा गस्तीचा आणि झडतीचा दोष होता; रायफलीने तो भरून निघाला नसता.

कवायत निरुपयोगी असल्याचा दावाही टिकत नाही. धोक्याची घंटा वाजताच कोणी तटावर जायचे, कोणी मुख्य दरवाजा सांभाळायचा आणि शस्त्रागारातून शस्त्रे कोणी घ्यायची, हे सरावाशिवाय जमत नाही. त्याबरोबरच बळ किती आणि कुठवर वापरायचे हेही शिकवावे लागते. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये एका बंदिनीचा मृत्यू झाला आणि मारहाणीच्या आरोपावरून सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, हे विसरता येणार नाही.

बंद्यांना न्यायालयात नेणारेही कारागृह शिपाईच असतात, हे संदेशातले म्हणणेही चूक आहे. महाराष्ट्रात हे काम सामान्यतः पोलिसांचे पथक करते.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करावी लागते. येरवड्याच्या दौलतराव जाधव तुरुंग अधिकारी प्रशिक्षण महाविद्यालयासारखी संस्था असूनही, एकदा मूलभूत प्रशिक्षण झाले की पुढचा नियमित सराव मागे पडतो, ही संदेशातली तक्रार खोटी नाही. 2022 मध्ये देशातील कारागृहांत क्षमतेच्या 131.4 टक्के बंदी होते, आणि मंजूर पदे रिकामी असताना शिपायांना पहाऱ्यावरून मोकळे करून सरावाला पाठवणे अधीक्षकांना कठीण जाते. संदेश लिहिणाऱ्याने ही पदे भरण्याची मागणी केली असती, तर मी तो स्वतःहून पुढे पाठवला असता.